आई सिरियस

बिबवेवाडी, पुणे
१६ एप्रिल

ती. रंगराव आबांना,
श्रद्धाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. मी तुमच्या पुतण्याची सून, साईनाथची बायको. लग्नात तुम्ही मांडवात सगळ्यात मागं बसला होता आणि जेवण झाल्या झाल्या एसटीला पळालात. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असं आई म्हणाल्या, म्हणून पत्र लिहितेय. आई म्हणजे माझ्या सासूबाई, बायडाबाई. माझी शाळा आठवीला सुटली, तेव्हापासून मी पत्र लिहिलेलं नाही. चुकलं तर समजून घ्या.

साईनाथ नेव्हीत आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांची बोट मुंबईला असते. बोटीवर फोन जवळ ठेवू देत नाहीत, बंदराला लागले की बाहेर येऊन करतात. आज अकरा दिवस झाले, फोन नाही. इकडं टीव्हीवर दिवसभर युद्ध होणार, युद्ध होणार. समुद्राचा नकाशा दाखवतात, त्यावर लाल बाण. एक माणूस कोट घालून ओरडत असतो, आपली बोट इथून जाईल आणि त्यांची पाणबुडी इथं टपून बसली असेल. बाण जिथं टेकतो तिथंच साईनाथ आहेत असं मला वाटतं. तनया सात महिन्यांची आहे. दूध पाजताना माझं लक्ष टीव्हीकडं, मग तीपण किरकिर करते.

मला विचारायचं होतं, बोट बुडते म्हणजे नक्की काय होतं? साईनाथ खाली इंजिनरूममध्ये असतात. खालच्या माणसाला वर यायला किती वेळ लागतो? शिडी असते का जिना? त्यांना विचारलं तर म्हणतात, "तुला काय करायचंय, तू तनयाकडं बघ." तुम्ही पंधरा वर्षं बोटीवर काढली. तुम्ही खरं सांगाल.

अजून एक. आपली माणसं समुद्रावर लढायला गेलीच कशाला? आपण आंबेगावची माणसं. कात्रजचं तळं सोडलं तर आपल्याला पाणी माहीत होतं का?

आई म्हणतात, गुडघ्याला एरंडेल लावत जा.

तुमची नातसून
श्रद्धा

म्हसवड
२२ एप्रिल

चि. सौ. श्रद्धा, आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर साईनाथपेक्षा बरं आहे. बायडाला सांग, गुडघा आहे, बैलगाडीचा आस नाही.

पहिलं काम, तो टीव्ही बंद कर. कोटवाल्या माणसानं पाणी फक्त बादलीत बघितलेलं असतं.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो शहाणा आहे. एक काळ असा होता की पोर्तुगिजांचा परवाना घेतल्याशिवाय आपल्या व्यापाऱ्याचं तारू हलायचं नाही. समुद्र आपल्या दारात, आणि दाराची किल्ली परक्याच्या कमरेला. डोंगरातल्या राजाला हे कळलं म्हणून महाराजांनी जहाजं बांधली. पुढं आंग्रे आले. त्यांची गलबतं इंग्रजांच्या बोटींपुढं म्हणजे चिमण्याच. पण मोठी बोट वाऱ्यावर चालते. वारा पडला की ती जागच्या जागी उभी. तेवढ्यात आपली माणसं वल्ही मारत तिच्या पाठीमागं जायची, कारण मोठ्या बोटीच्या तोफा दोन्ही कुशीत, पाठीला फार नाहीत. त्या काळी लढणारे एकमेकांचे चेहरे बघायचे. पुढं वाफेची इंजिनं आली, लोखंडी बोटी आल्या, पाणबुड्या आल्या. आता तर कोण कुणाला मारतोय ते दिसतही नाही. एकाहत्तरला आपण छोट्या मिसाइल बोटी दोरानं ओढत लांबवर नेल्या आणि कराचीवर सोडल्या. अंगानं लहान, पण काम मोठं. आंग्र्यांचीच रीत.

इंजिनरूमची काळजी करू नकोस. खालची जागा सगळ्यात सुरक्षित. चारी बाजूंनी पोलाद आणि वर यायला शिड्या भरपूर.

मला पंधरा वर्षांत काही झालं नाही. एकाहत्तरच्या लढाईत तर मी रजेवर होतो, घरी बसून भाकरी खात होतो. तेव्हा उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

म्हसवडला का राहतो असं लग्नात कुणीतरी मला विचारत होतं. इथं पाणी बघायचं तर टँकरची वाट बघावी लागते. मला तेवढंच पाणी पुरतं.

तुझा
आबा

बिबवेवाडी
२८ एप्रिल

आबा, नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आईंनाही वाचून दाखवलं. आंग्र्यांचं त्यांना फार आवडलं. मला एकच कळलं नाही. ती माणसं वल्ही मारत जायची तेव्हा घरी त्यांच्या बायका काय करायच्या?

साईनाथचा फोन आला परवा. दोनच मिनिटं. म्हणाले, सहा तारखेच्या आसपास बोट निघणार, कुठं ते विचारू नको, किती दिवस तेही विचारू नको. मागं कुणीतरी हाक मारली आणि ठेवला. मी तशीच फोन कानाला लावून उभी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तो बंद झालाय, आता काय समुद्राची गाज ऐकतेस?" त्यांचं बोलणं असंच असतं.

मग मी रडायला लागले तेव्हा आईंनी तुमची गोष्ट सांगितली. तुम्ही लिहिलंत रजेवर होतो, पण कसे ते लिहिलंच नाही! आई म्हणाल्या, "युद्ध लागणार असं कळलं तवा आमच्या मामंजींनी रंगूतात्यांना तार केली, आई सिरियस, ताबडतोब ये. आणि म्हातारी तर ठणठणीत! तात्या आले, मागं बोट गेली बुडून. मामंजींच्या डोक्यानं वाचले बघ तात्या." ही गोष्ट आपल्या घरात प्रत्येक लग्नात सांगतात म्हणे, मी नवीन म्हणून मला माहीत नव्हती. सांगताना आई इतक्या हसत होत्या की तनयापण हसायला लागली.

आबा, आम्ही तेच करायचं ठरवलंय. आई म्हणाल्या, "मला पाड आजारी. दोन दिस कण्हायला काय जातंय?" आता तार नाही राहिली. पण साईनाथनी अडीनडीला म्हणून ऑफिसचा एक नंबर देऊन ठेवलाय. तुम्हाला एवढंच विचारायचंय, काय आजार सांगितला की लगेच सोडतात? छातीत दुखतं सांगू का लकवा? पोलीस चौकशीला येतात हे खरं आहे का? लवकर कळवा. सहा तारखेला बोट निघते. त्याआधी कळवा.

श्रद्धा

म्हसवड
९ मे

चि. श्रद्धा,

तुझं पत्र तीस तारखेला मिळालं. मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. दुसऱ्या दिवशी बसलो आणि उठलो. आज नऊ तारीख. सहा तारीख होऊन गेली हे मला कळतं. तरी लिहितो. तुम्ही ते केलं नसेल अशी आशा आहे.

आधी एक कबुली. इंजिनरूम सगळ्यात सुरक्षित असते हे मी खोटं लिहिलं. खालचा माणूस सगळ्यात शेवटी वर येतो. येतो तेव्हा.

आता तार. तुमच्या घरात लग्नांमध्ये ती गोष्ट सांगतात म्हणून मी जेवण झालं की एसटीला पळतो.

माझी बोट खुकरी. मी बॉयलररूमला. नोव्हेंबरअखेर थोरल्या भावाची, म्हणजे बायडाच्या सासऱ्याची तार आली, आई सिरियस. मला सात दिवसांची रजा मिळाली. मी घरी पोचलो तर आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. थोरला दारात उभा राहून हसत होता. मी त्याच्यावर ओरडलो. खरं सांगू का, एकदाच ओरडलो. मग बसून जेवलो. मला बरं वाटलं होतं. बावीस वर्षांचा होतो.

तीन डिसेंबरला युद्ध लागलं. मी लगेच निघालो नाही. थोरला म्हणाला, रजा आहे ना, संपव. संपवली. मुंबईला पोचलो त्या दिवशी बोट बंदरातून गेलेली होती.

श्रद्धा, बोटीवर माणसाची जागा रिकामी ठेवून कुणी निघत नाही. चार तास हा, पुढचे चार तास तो, अशी पाळी असते. एक गेला की किनाऱ्यावरच्या बराकीतून दुसरा उचलून त्याच्या जागी उभा करतात. माझ्या जागी दशरथ गेला. आम्ही एकाच दिवशी भरती झालेलो. पाटणकडचा. त्याची पाळी नव्हती, त्याची ती बोट नव्हती. त्यानं स्वतः हात वर केला म्हणे. रंगरावची आई आजारी आहे, त्याला बोलावू नका, मी जातो म्हणाला.

नऊ डिसेंबरला दीवच्या पुढं पाणबुडीनं खुकरी बुडवली. काही मिनिटांत. दोनशेला थोडी कमी माणसं गेली. दशरथ खाली होता.

मी त्याच्या गावी कधी गेलो नाही. काय सांगणार होतो? आजवर मी कराडहून पाटणच्या गाडीत बसलेलो नाही. बायको जिवंत असताना तिलाही मी यातलं काही सांगितलं नाही. तुला सांगतोय.

ते करू नका. केलं असेल तर मला कळव.

आबा

बिबवेवाडी
१३ मे

आबा,

तुमचं पत्र काल मिळालं. आम्ही तीन तारखेलाच केलं.

तुमच्या उत्तराची वाट मी दोन तारखेपर्यंत बघितली. रोज पोस्टमनला विचारायचे. मग आई म्हणाल्या, तात्यांना लाज वाटत असंल सांगायला, आपणच करू. तुम्ही लगेच लिहिलं असतंत तर. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण रोज मनात तेच येतं म्हणून लिहिलं.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. आईंना खोटं बोलायची इतकी भीती बसली की त्यांचा बीपी खरंच चढला. डॉक्टर घाबरले आणि त्यांनी खरंखरं लिहून दिलं. त्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. मी फोनवर रडले, ते रडणंही खरंच होतं, ते मी साईनाथसाठी रडले. चौकीतून एक हवालदार बघायला आले. आई अशा कण्हल्या की त्यांनी लांबूनच हात जोडले आणि मला म्हणाले, "मुलाला लवकर बोलवा, ताई." ते गेल्यावर आम्ही दोघी तोंडात पदर घालून हसलो. आबा, आम्ही हसलो हो.

साईनाथ पाच तारखेला संध्याकाळी येतील असं धरून होतो, ते दुपारीच आले. स्वारगेटला उतरले आणि रिक्षा मिळेना म्हणून निम्मा रस्ता पळत आले. घामानं सगळा शर्ट चिकटलेला. आणि आई दारातच विळीवर बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. मंडईतून मीच दहा किलो आणल्या होत्या. आईंनी वर बघितलं. पटकन आडव्या पडायला गेल्या, तशा अर्ध्यावरच थांबल्या.

त्यांनी बॅग खाली ठेवली नाही. आईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तनयाला पुढं केलं. तिला त्यांनी घेतलं, बराच वेळ छातीशी धरलं. मला वाटलं, झालं, सुटलो. मग ते म्हणाले, "बोट आज पहाटेच निघाली. माझ्या जागी बरोबरचा धम्मदीप गेला. त्याची पोस्टिंग पुण्याला झाली होती. पुढच्या आठवड्यात घरी यायचा होता. मला म्हणाला, तू जा, आईला बघ, मी एवढी फेरी मारून येतो."

एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. आईंशी तेवढंही नाही. ज्या टीव्हीचा मला राग यायचा त्याच्यापुढं आता तेच बसतात. बाण दाखवला की उठून उभे राहतात.

मला साईनाथ घरी हवे होते. आता ते घरी आहेत, आणि मी दिवसभर ज्याला कधी बघितलं नाही त्या माणसासाठी देवाला सांगतेय. त्याच्या बायकोचं नाव चैताली आहे. दापोडीला राहते. त्यांना पण लहान मुलगा आहे.

काय करू?

श्रद्धा

म्हसवड
१७ मे

चि. श्रद्धा,

टोचलंस ते बरोबर केलंस.

आंग्र्यांच्या काळी बायका काय करायच्या असं तू विचारलं होतंस. मी उत्तर टाळलं, कारण मला माहीत नाही. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. गलबतं किती, तोफा किती, कोण जिंकलं, सगळं लिहिलेलं आहे. कुणाच्या जागी कोण गेलं ते कुठंच नाही.

त्या चैतालीकडं जा. बोट परत यायच्या आधी जा. परत आली तर तू जाणार नाहीस, म्हणशील आता कशाला. आणि देव न करो, नाही आली, तर तुझे पाय उचलणार नाहीत. माझे उचलले नाहीत.

साईनाथला माझं पत्र दाखव.

आबा

बिबवेवाडी
२६ मे

आबा, नमस्कार.

पत्र दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. वीस तारखेला ते मुंबईला गेले. बोट येईपर्यंत बराकीत राहायचं म्हणाले. स्वारगेटला सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाले.

मी काल दापोडीला गेले. तनयाला काखेत घेऊन, दोन बस बदलून. जाताना वाटलं होतं, ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पाणी दिलं, बसायला दिलं, आणि म्हणाली, "आई कशा आहेत आता? हे म्हणत होते फार सिरियस आहेत."

मी सगळं सांगितलं. कैऱ्यांसकट.

ती ऐकत होती. तिचा मुलगा आणि तनया फरशीवर एकमेकांचे केस ओढत होते. मग ती म्हणाली, "मला सासू नाही. आई पण नाही. मी कुणाला आजारी पाडू?"

मी तनयाच्या मुठीतून तिच्या मुलाचे केस सोडवले. ती पुढं म्हणाली, "मी तुम्हाला काही बोलणार नाही, कारण मला कुणी असतं तर मीपण पाडलं असतं. पण तुम्ही आता जा. आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, हे समुद्रावर असेपर्यंत यांना कळवू नका. तिकडं डोकं ठिकाणावर लागतं. आल्यावर मात्र त्यांनी स्वतः सांगायचं. मी सांगणार नाही."

दारापर्यंत आली नाही.

आबा, एक विचारू? दशरथभाऊंच्या घरी आता कोण आहे, तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही जाणार असाल तर मी येते. तुम्हाला एकट्याला ऐकू येणार नाही.

श्रद्धा

मुंबई
१५ जून

श्रद्धा,

बोट नऊ तारखेला आली. सगळे सुखरूप. लढाईचं काही झालं नाही, गस्त घालून आले. धम्मदीप बारीक झालाय. त्याची पुण्याची पोस्टिंग त्या गडबडीत दुसऱ्याला गेली. आता वर्षभर इथंच, माझ्याच बोटीवर, माझ्याच इंजिनरूममध्ये. मी माझ्या जागेवर परत आलोय.

काही झालं नाही म्हणून आईला वाटत असेल, संपलं. संपलेलं नाही.

धम्मदीप पाळी बदलताना रोज विचारतो, आईची तब्येत कशी आहे. मी म्हणतो, सुधारतेय. काल त्यानं कुठलंतरी बीपीचं चूर्ण आणून दिलं. ते माझ्या लॉकरमध्ये आहे. तू कळवलंस तसंच, चैतालीनं त्याला काही सांगितलेलं दिसत नाही. मी सांगणार आहे. रोज ठरवतो.

पुढच्या महिन्यात परत निघतोय. तनयाचा दात आला का?

साईनाथ

बिबवेवाडी
६ जुलै

अहो,

दात आलाय. खालचा. मला चावली त्यावरून कळलं.

तुम्ही पत्रात तनयाचं विचारलंत त्याचं मला फार बरं वाटलं. माझं विचारलं नाहीत तेही मी वाचलं. हे पत्र पूर्ण वाचा, मग माझ्यावर रागवा.

मी आणि रंगराव आबा दशरथभाऊंच्या गावी जाऊन आलो. आईंना तनयाकडं ठेवलं. मी कराडला उतरले तर आबा स्टँडवर सकाळपासून येऊन बसलेले. पाटणच्या दोन गाड्या त्यांच्यासमोरून गेल्या होत्या, चढले नव्हते. मला बघून म्हणाले, "गर्दी होती." गाडीत माणसं आठ.

दशरथभाऊंची आई पंच्याण्णव सालीच गेली. भाऊही गेला. भावाचा मुलगा आहे, संपत नावाचा, पन्नाशीचा. चांगला माणूस. आबांनी नाव सांगितल्याबरोबर ते उठून उभे राहिले आणि आतल्या बायकांना हाक मारली, "अहो, रंगराव आलेत! आज्जीचे रंगराव!" आम्हाला काही कळेना. सगळे जमा झाले. सुनांनी आबांच्या पाया पडून घेतलं. आबा माझ्याकडं बघायला लागले, हे काय बोलतायत म्हणून.

मग संपत सांगायला लागले. दशरथभाऊंनी बोटीवर जायच्या आधी आईला पत्र टाकलं होतं. त्यात लिहिलं होतं, माझा दोस्त रंगराव याची आई फार आजारी आहे, मी त्याच्या जागी जातोय, तू त्याच्या आईसाठी देवीला सांग. ते पत्र पोचलं तेव्हा दशरथभाऊ राहिले नव्हते. पण मुलानं शेवटचं सांगितलेलं काम म्हणून त्या माउलीनं मंगळवार धरला. रंगरावची आई बरी झाली असं कळलं की सोडायचा. आणि कळवणार कोण? पत्ता नाही, काही नाही. गावातलं कुणी पुण्या-मुंबईला निघालं की त्या म्हणायच्या, रंगराव भेटला तर विचारा, आई बरी झाली का. तेवीस-चोवीस वर्षं. मरायच्या आदल्या मंगळवारीसुद्धा त्या जेवल्या नव्हत्या.

संपत हसून म्हणाले, "मग काय आबा, बरी झाली का तुमची आई?"

आबांना ऐकू गेलं नाही. ते नुसतेच मान हलवत होते. सगळे माझ्याकडं बघायला लागले. अहो, ते मला त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं. उपवासाचं सगळं, पहिल्यापासून. आणि मग, "तुमची आई बरी झाली का, विचारतायत!" अख्ख्या आळीनं ऐकलं असेल.

बरी झाली म्हणून सांगितलं असतं तर ते सगळे खूश झाले असते. चहा टाकलाच होता. मलाही वाटलं, म्हणून टाका आबा, म्हणून टाका आणि चला. आबा म्हणाले, "तिला काही झालंच नव्हतं. तार खोटी होती."

एक सून आत गेली. संपत म्हणाले, "मग हे तवाच येऊन सांगायचं होतं. शिव्या दिल्या असत्या तिनं तुम्हाला. पण जेवली असती."

चहा आला. आम्ही प्यायलो. येताना आबा एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले. कराडला मी त्यांना म्हसवडच्या गाडीत बसवलं, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

अहो, मला अजूनही भीती वाटते. तुमची बोट निघणार म्हणालात तेव्हापासून जास्तच. ती जाणार नाही, आता मी तिला घालवायला बघतही नाही. जाऊन या. पण धम्मदीपभाऊजी रोज आईंची तब्येत विचारतात आणि तुम्ही सुधारतेय म्हणता, ते आता म्हणू नका. निघायच्या आधी सांगा. त्यांना राग येऊ दे, बोलणं टाकू दे, साहेबाला सांगितलं तर सांगू दे. तुम्हाला शिक्षा झाली तर ती माझ्यामुळं झाली, हे मी जन्मभर ऐकून घेईन. माझं नाव घ्या. नंबर मी फिरवला होता, आईंनी नाही.

आईंना हे वाचून दाखवलं, असं लिहू का विचारलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझंबी नाव सांग म्हणावं. म्हातारी धडधाकट हाय, आणि तिला लाज वाटती, म्हणावं."

तुमची
श्रद्धा